चित्राखाली पेन्सिलीने लिहिलेले ‘४७/१००’ म्हणजे काय? सही केलेल्या मर्यादित प्रिंटचा हिशेब

इन्स्टाग्रामवर घरसजावटीचे चार व्हिडिओ पाहिले की पाचवी जाहिरात बहुधा चित्राची येते. पांढऱ्या भिंतीवर काचेच्या चौकटीत एक रंगीत कागद, खाली डाव्या कोपऱ्यात पेन्सिलीने ४७/१००, उजवीकडे एक वेडीवाकडी सही. सोबत मजकूर असतो: ‘साइन्ड लिमिटेड एडिशन, थोड्याच प्रती शिल्लक.’

वाशीम जिल्ह्यात, मंगरुळपीर तालुक्यातल्या शेलूबाजारात बसूनही आज अमेरिकेतल्या गॅलरीकडची अशी प्रिंट मागवता येते. पण मुंबई-पुण्यातला माणूस निदान गॅलरीत जाऊन कागद हातात घेऊ शकतो, उजेडात धरून पाहू शकतो. गावातल्या ग्राहकाला फोटो पाहूनच पैसे भरावे लागतात. त्यामुळे त्या पेन्सिलीच्या आकड्याचा नेमका अर्थ काय आणि तो कशाची हमी देत नाही, हे आधी समजून घ्यायला हवे.

तो आकडा काय सांगतो?

४७/१०० याचा साधा अर्थ असा, की या चित्राच्या शंभर प्रती काढल्या गेल्या आणि हातातली प्रत त्यातली सत्तेचाळीसावी आहे. खालचा आकडा आवृत्तीचा, वरचा प्रतीचा. ठरलेल्या प्रती छापून झाल्या की ज्या दगडावरून, पत्र्यावरून किंवा जाळीवरून छपाई झाली ती पुसून टाकायची किंवा तिच्यावर रेघोट्या मारून ती निकामी करायची, असा रिवाज आहे. पुन्हा छापताच येऊ नये यासाठीची ही व्यवस्था. ‘मर्यादित’ या शब्दाची खरी किंमत त्या रेघोट्यांत आहे.

१/१०० ही प्रत ४७/१०० पेक्षा चांगली, असा एक समज आहे. तो बहुतेक वेळा चुकीचा असतो. छापलेले कागद वाळत घालतात, मग एकत्र करतात आणि कलावंत सह्या करायला बसतो तेव्हा गठ्ठ्यात जो कागद वर असेल त्याला पहिला क्रमांक मिळतो. अपवाद ‘ड्रायपॉइंट’सारख्या पद्धतीचा. तिथे तांब्याच्या पत्र्यावर सुईने ओरखडे काढतात आणि ओरखड्याच्या कडेला उठलेली धातूची कड शाई धरून ठेवते. दाबाखाली ही कड लवकर झिजते, म्हणून सुरुवातीच्या प्रती जास्त मखमली उमटतात.

आकड्याच्या जागी कधी अक्षरे असतात. ‘ए.पी.’ म्हणजे कलावंताने स्वतःसाठी ठेवलेल्या प्रती. त्या आवृत्तीच्या बाहेर असतात आणि साधारण दहा टक्क्यांच्या आसपास असाव्यात, असा संकेत आहे. फ्रेंच परंपरेत याच प्रतींवर ‘ई.ए.’ लिहितात. ‘पी.पी.’ ही छपाई करणाऱ्या कारागिराची प्रत. ‘एच.सी.’ म्हणजे विक्रीसाठी नसलेली, आणि ‘बी.ए.टी.’ ही कलावंताने ‘अगदी अशीच छापा’ म्हणून मंजूर केलेली नमुना प्रत. म्हणजे ‘शंभर प्रती’ असे म्हटले तरी जगात त्या चित्राचे एकशेवीस कागद असू शकतात. ही लबाडी नव्हे, मात्र विकणाऱ्याने ही संख्या सांगायला हवी.

सही पेन्सिलीने का, हाही प्रश्न नेहमी येतो. ग्राफाइट उन्हाने उडत नाही, कागदात रुतते आणि तिरक्या उजेडात चमकते. त्यामुळे छापलेली सही आणि हाताने केलेली सही यांतला फरक ओळखता येतो. ही पद्धत रूढ झाली एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. जन्माने अमेरिकी असलेला आणि लंडनमध्ये राहणारा चित्रकार जेम्स व्हिसलर हा तिचा मोठा पुरस्कर्ता होता. त्याआधी रेम्ब्राँ किंवा ड्यूरर सही करत ती पत्र्यातच कोरलेली असे, म्हणजे चित्रासोबत तीही छापली जाई.

छापलेले आहे, मग ‘मूळ’ कसे?

इथे बहुतेकांचे अडखळते. छापील म्हणजे नक्कल, हे आपल्या डोक्यात पक्के बसले आहे.

त्यासाठी लग्नपत्रिका छापणाऱ्या जुन्या दुकानातली चौकट आठवावी. लाकडी चौकटीवर ताणलेली बारीक जाळी, जाळीवर प्रकाशाला प्रतिसाद देणाऱ्या रसायनाचा थर, अक्षरांच्या जागी तेवढी जाळी मोकळी. वर शाई ओतायची आणि रबरी पट्टीने ओढायची, की खालच्या पत्रिकेवर सोनेरी गणपती उमटतो. सोनेरीसाठी एक चौकट, लालसाठी दुसरी. हेच स्क्रीन प्रिंटिंग. कलेच्या बाजारात त्याला ‘सेरिग्राफ’ म्हणतात, कारण ही जाळी पूर्वी रेशमाची असे. अँडी वॉरहॉलने १९६७ मध्ये मेरिलिन मन्रोच्या चेहऱ्याच्या दहा प्रिंटचा जो संच काढला, तो याच पद्धतीने. प्रत्येक चित्राच्या अडीचशे प्रती होत्या. मंगरुळपीरच्या पत्रिकेत आणि त्या मेरिलिनमध्ये तंत्राचा फरक फारसा नाही.

फरक आहे तो दुसरीकडे. वॉरहॉलच्या मनात ते चित्र प्रिंट म्हणूनच होते. आधी कॅनव्हासवर रंगवलेले चित्र आणि मग त्याची छपाई, असा क्रम तिथे नव्हता. दगडावर, पत्र्यावर किंवा जाळीवर जे घडले त्यातून कागदावर पहिल्यांदाच चित्र उमटले आणि त्या प्रत्येक कागदाला ‘मूळ’ मानले गेले. सीमाशुल्काच्या नियमावलीतही मूळ प्रिंटची व्याख्या काहीशी अशीच आहे: कलावंताने स्वतः हाताने तयार केलेल्या पत्र्यावरून थेट काढलेले ठसे, ज्यात यांत्रिक किंवा फोटोयांत्रिक प्रक्रिया नाही. ही व्याख्या आता जुनी वाटते, कारण तिच्या काटेकोर अर्थाने वॉरहॉलही बाहेर पडेल. कलाविश्वाने तिच्यापेक्षा सैल अर्थ कधीच स्वीकारला आहे.

महाराष्ट्राने आधी पाहिली ती अमर्याद आवृत्ती

छापील चित्र मराठी घरांत आले ते नेमके उलट विचाराने. प्रती कमी ठेवण्यासाठी छापखाने काढलेच नव्हते, जास्तीत जास्त भिंतींवर पोचणे हेच उद्दिष्ट होते. पुण्यात विष्णुशास्त्री चिपळूणकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७८ मध्ये चित्रशाळा सुरू केली आणि देवदेवतांची व ऐतिहासिक पुरुषांची शिळाछाप चित्रे घरोघरी गेली. राजा रविवर्मांनी १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीला गेला आणि फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाकडे आला. दादासाहेब फाळके यांनीही सिनेमाकडे वळण्याआधी या छापखान्यासाठी काम केले होते.

या छापखान्यातून निघालेल्या लक्ष्मी-सरस्वती कुणी मोजल्या नाहीत आणि त्यांवर पेन्सिलीची सहीही नाही. तरीही आज त्या काळातल्या अस्सल प्रतींना संग्राहक शोधत असतात. यात एक गंमत आहे. अनेक घरांत या छापील देवीच्या लुगड्यावर खरी जर, टिकल्या, कापडाचे तुकडे शिवून किंवा चिकटवून सजावट केली जाई. छापखान्यातून एकसारखी निघालेली प्रत घरी आल्यावर एकमेव होई. आजचे विक्रेते ज्याला ‘मिक्स्ड मीडिया, हँड एम्बेलिश्ड प्रिंट’ म्हणून चढ्या भावाने विकतात, ते काम आपल्याकडच्या बायकांनी शंभर वर्षांपूर्वी देवघरासाठी केले होते.

बोकड, टायर आणि फुटलेला दगड

आता ‘मिक्स्ड मीडिया’ म्हणजे संमिश्र माध्यमाकडे. रंगासोबत कापड, वर्तमानपत्र, लाकूड, पत्रा, हाताला लागेल ते घेऊन केलेले काम. या वाटेवरचे आधुनिक अमेरिकी कलेतले सर्वांत मोठे नाव रॉबर्ट राउशेनबर्ग (१९२५–२००८). टेक्सासमधल्या पोर्ट आर्थर या तेलशुद्धीकरणाच्या गावातला हा माणूस. त्याने १९५५ मध्ये ‘बेड’ या कामात गोधडी आणि उशी भिंतीवर टांगून त्यावर रंग ओतला. १९५५ ते ५९ या काळात केलेल्या ‘मोनोग्राम’मध्ये पेंढा भरलेला अंगोरा बोकड आहे आणि त्याच्या कमरेत मोटारीचा टायर. चित्र म्हणावे की शिल्प, हे ठरेना म्हणून त्याने या कामांना ‘कम्बाइन’ असे नावच दिले. १९६४ मध्ये व्हेनिसच्या द्वैवार्षिक प्रदर्शनात चित्रकलेचा आंतरराष्ट्रीय महापुरस्कार त्याला मिळाला.

बोकड आणि टायर छापायचे कसे? उत्तर असे की ते छापायचेच नाहीत. राउशेनबर्गने आपल्या कम्बाइनचे फोटो छापून विकण्याऐवजी छपाईलाच संमिश्र माध्यम केले. टाटियाना ग्रॉसमन या बाईंनी १९५७ मध्ये न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडवर प्रिंटचा एक छोटा कारखाना काढला होता, युनिव्हर्सल लिमिटेड आर्ट एडिशन्स. चित्रकारांना बोलावून त्या शिळाछपाईचे दगड त्यांच्यासमोर ठेवत. सुरुवातीला राउशेनबर्गला विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दगडावर चित्र काढणे हास्यास्पद वाटत होते. पण तो रमला. वर्तमानपत्रांचे जुने छायाचित्र-ठसे घेऊन तो दगडावर उमटवू लागला.

१९६३ मध्ये एका कामाच्या वेळी यंत्राच्या दाबाखाली दगड फुटला. दुसरा दगड तयार केला, तोही फुटला. कारखान्यातल्या कुणालाही काम रद्द झाले असेच वाटले असते. राउशेनबर्गने फुटलेल्या दगडावरूनच छपाई करायला लावली. कागदावर मधोमध पांढरी तिरकी भेग उमटली आणि खाली त्याने फुटलेल्या दगडाच्या कपच्यांचेही ठसे घेतले. नाव दिले ‘अ‍ॅक्सिडेंट’. त्याच वर्षी युगोस्लाव्हियातल्या ल्युब्लियाना इथल्या प्रिंट प्रदर्शनात या चित्राला सर्वोच्च पारितोषिक मिळाले. ती भेग कुठल्याही कॅनव्हासवर आधी नव्हती, तिचा जन्मच छपाईत झाला. मूळ प्रिंट म्हणजे काय, याचे यापेक्षा स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण.

एकच गरुड, तीन भाव

याच कलावंताचे दुसरे उदाहरण ग्राहकाच्या जास्त कामाचे आहे. १९७० मध्ये अमेरिकेत पहिला ‘अर्थ डे’ साजरा झाला. त्यासाठी राउशेनबर्गने मधोमध अमेरिकी गरुड आणि भोवती प्रदूषणाची छायाचित्रे असलेले एक चित्र केले. त्याची लॉस एंजेलिसच्या जेमिनी या कारखान्यात हाताने काढलेली, सही आणि क्रमांक असलेली शिळाछाप आवृत्ती होती ५० प्रतींची. त्याच प्रतिमेची ऑफसेटवर छापलेली पोस्टर निघाली: त्यातल्या ३०० वर त्याने सही केली आणि १०,००० बिनसहीची होती.

म्हणजे ‘राउशेनबर्ग, अर्थ डे, १९७०’ एवढेच वर्णन तीन अगदी वेगळ्या वस्तूंना लागू पडते. मोबाइलच्या पडद्यावर तिन्ही सारख्याच दिसतात. आकार वेगळा आहे, कागद वेगळा आहे, शाई बसण्याची पद्धत वेगळी आहे, पण फोटोत हे कळत नाही. सही केलेले पोस्टर खोटे नाही. ते सही केलेले पोस्टर आहे, एवढेच. ‘सही आहे म्हणजे मूळ प्रिंट’ असे समजून जास्त पैसे मोजले, तर विकणाऱ्याने खोटे बोलल्याशिवायही फसगत होते.

चिंचोक्याची पूड साबरमतीच्या काठी

राउशेनबर्गचा भारताशी आलेला संबंध मराठी वाचकाला ओळखीचा वाटेल. १९७५ मध्ये अहमदाबादच्या साराभाई कुटुंबाच्या पाहुणचारात, जेमिनीच्या लोकांना घेऊन तो गांधी आश्रमाच्या हातकागद कारखान्यात काम करायला आला. तिथे दोन मालिका झाल्या. ‘बोन्स’मध्ये ओल्या हातकागदाच्या थरांत बांबूच्या कामट्या आणि कापडाचे तुकडे दाबले होते. ‘युनियन्स’साठी त्याने एक चिखल बनवला. त्यात माती, कागदाचा लगदा, मेथीची पूड, चिंचोक्याची पूड, खडूची भुकटी, डिंक आणि मोरचूद. घर सारवणारे आणि भिंती लिंपणारे हात या मिश्रणामागे होते. घोंगडीला चिंचोक्याची खळ देणाऱ्या धनगराला त्यातले निम्मे साहित्य सांगावेही लागले नसते.

हे चिखलाचे आकार, दोर आणि बांबू यांतून झालेल्या वस्तूही मर्यादित आवृत्तीच्या होत्या, सही आणि क्रमांकासह. शाई नाही, दाबयंत्र नाही, तरी त्यांची गणना आवृत्तीतल्या कामांतच होते, कारण एकच आराखडा ठरवून मोजक्या प्रती केल्या गेल्या. अर्थात हाताने लिंपलेल्या दोन प्रती तंतोतंत सारख्या होत नाहीत. प्रत्येक प्रत मुद्दाम वेगळी ठेवलेल्या अशा आवृत्तीवर कधी ‘ई.व्ही.’ लिहिलेले असते. अहमदाबादहून परतल्यावर त्याने ‘जॅमर्स’ नावाची मालिका केली, तिच्यात इथल्या बाजारातले सुती-रेशमी कापड जवळजवळ तसेच टांगलेले आहे.

उलट दिशेनेही प्रवास झाला. मुंबईच्या जे. जे. मधून शिकलेले कैको मोती आणि आंध्रातून शांतिनिकेतनमार्गे गेलेले कृष्णा रेड्डी हे पॅरिसमधल्या ‘अतेलिए १७’ या प्रिंट कार्यशाळेत पोचले. एकाच पत्र्यावर पातळ आणि घट्ट शाया एकमेकींत न मिसळता बसवून एकाच दाबात अनेक रंग काढण्याची पद्धत तिथे विकसित झाली. तीत रेड्डींचा वाटा मोठा होता. पुढे ते न्यूयॉर्कला स्थायिक झाले आणि तिथे त्यांनी अनेक अमेरिकी विद्यार्थ्यांना प्रिंट शिकवली.

रझांची प्रिंट आणि रझांची फसवणूक

विदर्भाच्या वाचकाला सर्वांत जवळचे नाव मात्र सय्यद हैदर रझा यांचे. मंडला जिल्ह्यात जन्मलेले रझा १९३९ ते ४३ या काळात नागपूरच्या चित्रकला महाविद्यालयात शिकले आणि मग मुंबईच्या जे. जे. मध्ये गेले. त्यांचे ‘जेस्टेशन’ हे १९८९ चे कॅनव्हास २०२३ मध्ये मुंबईच्या लिलावात ५१.७५ कोटी रुपयांना गेले. एवढा पैसा कुणाकडे असतो? पण उतारवयात त्यांच्या बिंदू-मालिकेतल्या चित्रांचे सेरिग्राफ निघाले, त्यावर त्यांनी सह्या केल्या, आणि मध्यमवर्गीय डॉक्टर-प्राध्यापकांच्या दिवाणखान्यात रझा पोचले ते यांतून. अहमदाबादची आर्चर आर्ट गॅलरी हे या क्षेत्रातले जुने नाव. हुसेन यांचेही असेच.

इथे एक बारकावा सांगायला हवा. भारतातले बरेच सेरिग्राफ आधी रंगवलेल्या चित्रावरून केलेले असतात. कुशल कारागीर चित्रातले रंग वेगळे करतात, प्रत्येक रंगाची जाळी बनवतात, कलावंत नमुना पाहून मंजुरी देतो आणि सही करतो. काम देखणे होते, मेहनतही मोठी असते. पण ‘अ‍ॅक्सिडेंट’ ज्या अर्थाने मूळ आहे, त्या अर्थाने हे मूळ नव्हे. ती कलावंताने मान्य केलेली उत्तम पुनर्निर्मिती आहे. बाजारात दोन्हींना सरसकट ‘ओरिजिनल प्रिंट’ म्हणतात. खरेदी करणाऱ्याने फरक माहीत असू द्यावा, मग आवडली तर खुशाल घ्यावी.

सहीवर किती विश्वास ठेवावा, याचा धडा खुद्द रझांनाच मिळाला. जानेवारी २००९ मध्ये दिल्लीतल्या एका गॅलरीत त्यांच्या सुरुवातीच्या काळातल्या चित्रांचे प्रदर्शन भरले. ८६ वर्षांचे रझा उद्घाटनाला आले, भिंतींवरून नजर फिरवली आणि ही चित्रे आपली नाहीतच, असे त्यांनी सांगितले. प्रदर्शन गुंडाळावे लागले. कलावंत हयात होता, हजर होता म्हणून हे लगेच उघडकीस आले. ते २०१६ मध्ये वारले.

दुसरे टोक साल्वादोर दालीचे. १९७४ मध्ये फ्रेंच सीमाशुल्क अधिकाऱ्यांनी एक गाडी अडवली, तिच्यात दालीची सही असलेले सुमारे ४०,००० कागद निघाले. सगळे कोरे! सही अस्सल, चित्र नंतर कुणीही छापावे. दालीच्या उशिराच्या प्रिंटकडे बाजार आजही संशयाने पाहतो, तो यामुळे.

इंकजेटवरचे ‘झिक्ले’

जाहिरातींत आणखी एक भारदस्त शब्द दिसतो, ‘झिक्ले’. तो कॅलिफोर्नियातल्या जॅक डुगान या छपाई करणाऱ्याने १९९१ मध्ये शोधून काढला. फवारणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून. ‘इंकजेट’ म्हटले की ऑफिसातला प्रिंटर डोळ्यासमोर येतो आणि भाव पडतो, म्हणून हे नवे नाव. चांगली रंगद्रव्ये आणि चांगला सुती कागद वापरला तर ही छपाई दीर्घकाळ टिकते. तिला हलके लेखायचे कारण नाही. मात्र इथे निकामी करायला दगड नाही, पत्रा नाही. संगणकातली फाइल शंभर प्रतींनंतर खरोखर बंद होणार का, हे फक्त शब्दावर अवलंबून असते. कधी त्याच फाइलची ‘मोठ्या आकारातील नवी आवृत्ती’ येते आणि आधीचे ग्राहक हात चोळत बसतात.

पैसे भरण्याआधी काय विचारावे?

सर्वांत उपयोगी पडतो तो साधा भिंगाचा फोटो. विक्रेत्याला चित्राच्या एका कोपऱ्याचा अगदी जवळून घेतलेला फोटो मागावा. गुलाबाच्या पाकळ्यांसारखे वर्तुळात मांडलेले निळे-लाल-पिवळे ठिपके दिसले तर ते ऑफसेट, म्हणजे पोस्टर किंवा पुस्तकातले पान. बारीक फवाऱ्यासारखे विखुरलेले ठिपके म्हणजे इंकजेट. स्क्रीन प्रिंटमध्ये रंगाचा सलग, किंचित जाड थर असतो आणि एक रंग दुसऱ्यावर चढल्याची कड दिसते. पत्र्यावरून काढलेल्या प्रिंटला चित्राभोवती दाबाची चौकोनी खूण असते, बोटाला लागते. सहीचा फोटो तिरक्या उजेडात मागावा. सही ठिपक्यांची बनलेली असेल तर ती हाताची नाही, छापलेली आहे.

मग कागदपत्रे. छापणारा कारखाना कोणता, वर्ष कोणते, कलावंताच्या प्रती किती, याआधी मालक कोण होता. मोठ्या कारखान्यांचा उठावाचा शिक्का कागदाच्या कडेला असतो, शाईविना दाबलेला. जेमिनीतून निघालेल्या कामांची सूची वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीने इंटरनेटवर मोफत ठेवली आहे. तिच्यात कागदाचे माप, प्रतींची संख्या, छपाईची पद्धत सगळे मिळते. विकणाऱ्याने सांगितलेले माप आणि सूचीतले माप यांत इंच-दोन इंचाचा फरक असेल तर कागद कापलेला तरी आहे किंवा वस्तूच वेगळी आहे. विक्रेता स्वतःच छापून देतो त्या ‘अस्सलपणाच्या प्रमाणपत्रा’ला मात्र वेगळे वजन नाही. खोटी प्रिंट छापणाऱ्याला एक प्रमाणपत्र छापायला किती वेळ लागणार?

विकत घेतली म्हणजे चित्र आपले झाले का?

कागद आपला झाला, चित्र नाही. भारतीय कॉपीराइट कायद्यात प्रिंटचा समावेश ‘एनग्रेव्हिंग’मध्ये आहे आणि हक्क कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. भिंतीवर लावता येते, विकता येते, भेट देता येते. पण तिचा फोटो काढून कॅलेंडर, टी-शर्ट किंवा दुकानाची पाटी करता येत नाही.

पुनर्विक्रीतला वाटा हा जुना झगडा आहे आणि त्यातही राउशेनबर्गचे नाव येते. संग्राहक रॉबर्ट स्कलने त्याचे ‘थॉ’ हे १९५८ चे चित्र ९०० डॉलरला घेतले होते. १९७३ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात ते ८५,००० डॉलरला गेले. चित्रकाराच्या हाती त्यातले काही आले नाही. लिलावानंतर दोघांची सर्वांसमोर खडाजंगी झाली. कॅलिफोर्नियाने १९७६ मध्ये कलावंताला वाटा देणारा कायदा केला, जो पुढे न्यायालयांनी जवळजवळ निष्प्रभ ठरवला. भारतात कलम ५३अ आहे: दहा हजार रुपयांवरच्या पुनर्विक्रीत कलावंताला किंवा वारसांना जास्तीत जास्त दहा टक्के वाटा. पण हे कलम चित्र, शिल्प आणि रेखाटनाच्या मूळ प्रतीचे नाव घेते, प्रिंटचे घेत नाही.

विदर्भातल्या भिंतीवर

प्रिंट घरी आली की पहिला धोका चौकटवाल्याकडून. फ्रेममध्ये बसावी म्हणून तो चारी बाजूंची पांढरी कड सफाईने कापून टाकतो आणि आकडा, सही, शिक्का कचऱ्यात जातात. हे आधीच बजावून सांगावे. लॅमिनेशन तर मुळीच करू नये. मागे साधा पुठ्ठा लावला तर त्यातल्या आम्लाने कागद काही वर्षांत तपकिरी पडतो. आम्लविरहित बोर्ड मागावा, गावात मिळत नसेल तर नागपूर-अकोल्याहून आणावा. काच थेट कागदाला टेकू देऊ नये, मध्ये माउंट हवा.

दुसरा धोका कूलरचा. वैशाखात खोलीत दिवसभर ओली हवा फिरते, पावसाळ्यात भिंती पाझरतात, मधल्या काळात सगळे कोरडे ठाक. कागद फुगतो, आकसतो, त्यावर तांबूस डाग येतात. म्हणून कूलरसमोरची आणि पश्चिमेच्या उन्हाची भिंत सोडून, घराच्या आतल्या बाजूची भिंत निवडावी. दर दिवाळीला झाडलोट करताना फ्रेम उतरवून मागची बाजू पाहावी, कसर लागली असेल तर तिथेच आधी दिसते.